बेळगावातला तपासाचा रविवारचा क्लास: साडेसहा हजार भरून मी काय शिकलो

मी पोलीस खात्यात आहे. ठाणं कुठलं ते विचारू नका, बेळगाव जिल्ह्यातलंच आहे एवढं पुरे. क्लासचं नाव पण लिहीत नाही, कारण खाली चांगलं-वाईट दोन्ही येणाराय आणि चालवणारे साहेब आमच्याच खात्यातले रिटायर्ड, उद्या गोगटे सर्कलला समोर आले तर तोंड लपवायला नको. ज्याला खरंच जायचंय त्यानं टिळकवाडीत खात्यातल्या कुणालाही विचारावं, पत्ता मिळतो.

विषय असा की गेल्या वर्षी मी एएसआयचा पीएसआय झालो. इतकी वर्षं काय, साहेब सांगतील तसा तपास करायचा, महजर (पंचनामा) लिहायचा, आरोपी आणायचा, कोर्टात साक्ष द्यायची, झालं. आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलोय आणि हेडकॉन्स्टेबल, एएसआय आपापल्या फायली आणून पुढ्यात ठेवतात आणि म्हणतात सर, सही. पहिले दोन महिने मी नुसत्या सह्याच केल्या, खोटं कशाला बोलू. मग एका केसमध्ये कोर्टात अशी काय फजिती झाली (ती सांगत नाही, केस अजून चालू आहे) की त्या रात्री झोप लागली नाही. एका बॅचमेटनं या क्लासचं सांगितलं. तपासातलं पुढचं शिक्षण आणि दुसऱ्याच्या तपासावर देखरेख कशी करायची, सहा रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, फी साडेसहा हजार, चहा-नाष्टा त्यातच. बायको म्हणाली, "बावीस वर्षं पोलिसात काढून आता पैसे भरून पोलिसकी शिकालायसा?" प्रश्न चुकीचा नव्हता.

आधी तक्रारी सांगून टाकतो म्हणजे पोट हलकं होतं. पहिला रविवार जवळजवळ वाया. जागा म्हणजे एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल, पंखे चारातले दोन चालू, आणि वाटलेल्या नोट्स बघितल्या तर अर्ध्या पानांवर अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचे, सीआरपीसीचेच कलम नंबर! १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी बीएनएसएस लागू आहे, १६१ चा पोलिसांपुढचा जबाब आता १८० मध्ये गेला, १६४ चा मॅजिस्ट्रेटपुढचा १८३ मध्ये, केस डायरी १७२ वरून १९२ ला आली, चार्जशीट १७३ वरून १९३ ला, आणि साडेसहा हजार घेऊन तुम्ही आम्हाला जुनी झेरॉक्स वाटताय? एकानं उठून विचारलं तेव्हा साहेब म्हणाले नंबर बदलले, डोकं तेच लागतंय. बरोबर आहे, पण मग नंबर बदलायला पेन पण तेवढंच लागतंय की. दुपारी कुठल्यातरी कंपनीचा एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला आणि सीडीआर (फोन कॉलची नोंद) वाचायचं सॉफ्टवेअर दाखवत दोन तास खाल्ले, शेवटी किंमत सांगितली तेव्हा कळलं की हा तास नव्हता, जाहिरात होती. तिसरी तक्रार, बॅचमध्ये बाया फक्त दोन आणि महिला फिर्यादीशी कसं बोलायचं हा तास एका पुरुष साहेबांनी वीस मिनिटांत उरकला, त्यातही "संवेदनशील राहा" हेच चार वेळा. बलात्काराच्या केसमध्ये माहिती मिळाल्यापासून २४ तासांत मेडिकलला पाठवायचं आणि डॉक्टरचा रिपोर्ट ७ दिवसांत यायला पाहिजे, कलम १८४, हे शेवटी त्या दोघींपैकी एका मॅडमनीच उठून सांगितलं. आणि गणपती बंदोबस्तात माझा एक रविवार गेला त्याचे पैसे परत नाहीत, पुढच्या बॅचला बसा म्हणाले. असो.

आता चांगलं. तिसऱ्या रविवारी वडगावात एक रिकामं जुनं घर भाड्यानं घेतलं होतं, पूर्वी आत माग असावेत, भिंतीवर अजून खुंट्या होत्या. आत सोप्यात एक पुतळा पाडून ठेवलेला, डोक्याखाली लाल रंग, दाराचा कोयंडा उचकटलेला, चुलीजवळ दोन कप, एक धुतलेला एक न धुतलेला. आमचे सहा-सहाचे गट, आणि माझ्या गटाचा सुपरवायझर मी. शिट्टी वाजली आणि मी काय केलं सांगू, सरळ आत घुसलो आणि मोबाईल काढून फोटो मारायला लागलो. दहा मिनिटं मी खाली वाकून ते लाल डाग मोजतोय आणि मागं माझीच माणसं सोप्यातून परड्यात, परड्यातून सोप्यात. साहेब उंबऱ्यावर उभं राहून बघत होते. म्हणाले, "तू पीएसआय हाईस की फोटोग्राफर?"

मग त्यांनी खिशातनं एक चिठ्ठी काढली. फिंगरप्रिंटची पावडर पडायच्या आधी त्या खोलीत कोण कोण आत गेलं याची यादी, वेळेसकट. सतरा जण. आमच्या गटाचे सहा, दुसऱ्या गटातले डोकावणारे, आणि चहा घेऊन आलेलं पोरगं पण. त्या पोरानं आमच्यासाठी जागा करायला तो न धुतलेला कप उचलून बाजूला ठेवला होता. आम्हाला कपावर झकास अंगठ्याचा ठसा मिळाला म्हणून आम्ही अर्धा तास खूश, आणि तो ठसा निघाला चहावाल्या पोराचा!

सुपरवायझरचं काम आत नसून उंबऱ्यावर असतं हे मला त्या दिवशी कळलं. आत जायची एकच वाट ठरवायची, कोण कधी आत गेला ते लिहायचं, कुणाला काय करायचंय ते आधी बोलायचं, आणि स्वतः कशालाही हात लावायचा नाही. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी स्पॉटला यायचं असं बीएनएसएसचं १७६(३) सांगतं, राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत आहे, पण ते येऊन करणार काय जर आपणच आधी तिथं जत्रा भरवून ठेवली असेल तर.

चौथ्या रविवारचं सेशन म्हणजे या क्लासचा जीव. एका जुन्या केस डायरीची झेरॉक्स, नावं-गावं काळी केलेली, निपाणीकडची घरफोडी वाटत होती, आणि सांगितलं की तुम्ही आता सीपीआय, म्हणजे सर्कल इन्स्पेक्टर आहात, ही फाईल ५८ व्या दिवशी तुमच्या टेबलावर आलीय, दोन दिवसांनी आरोपी डिफॉल्ट बेलवर, म्हणजे चार्जशीट वेळेत नाही म्हणून सुटणार (कलम १८७, ६० दिवस), यात काय राहिलंय ते सांगा. वेळ एक तास. मला अकरातल्या चार चुका सापडल्या. पहिल्या बाकावरच्या मॅडमना नऊ.

काय होत्या चुका? तिसऱ्या दिवशी पीएफ झालेला, म्हणजे मुद्देमाल जप्त, आणि एफएसएलला (फॉरेन्सिक लॅबला) गेला ४१ व्या दिवशी. एफएसएल बेळगावातच आहे, निपाणीहून हायवेनं दीड तास धरा. मग मधले अडतीस दिवस ती जप्त केलेली पहार कुठं होती, कुणाच्या ताब्यात, रजिस्टरला नोंद काय? काही नाही. तीन साक्षीदार तीन वेगळ्या गावचे, पण तिघांचे जबाब शब्दाला शब्द तेच, आणि एका शब्दाची स्पेलिंगची चूक पण तिन्हीत तीच. आमच्या कॉम्प्युटरचा कॉपी-पेस्ट जज्जसाहेबांना दिसत नाही असं आम्हाला कोण सांगतं कुणास ठाऊक. वर त्या जबाबांवर साक्षीदारांच्या सह्या घेतलेल्या, ज्या घ्यायच्याच नसतात. फिर्यादीला ९० दिवसांच्या आत तपास कुठंवर आलाय ते कळवायचं असतं, १९३(३), त्याची तयारी पण कुठं नाही, हे तर आमच्यातल्या निम्म्यांना माहीतच नव्हतं.

पण खरी चूक, जी त्या मॅडमना पण सापडली नाही आणि मला तर नाहीच, ती भाषेची होती. आणि ही फक्त आमच्या भागातच होऊ शकते.

आरोपी पोरगं मराठी. त्यानं ताब्यात असताना सांगितलं की माल चुलत्याच्या घरात ठेवलाय. लिहिणारा हेडकॉन्स्टेबल कन्नड, कागद कन्नडात. आता मराठीत चुलता म्हणजे बापाचा भाऊ, थोरला असो धाकटा असो. कन्नडात तसं चालत नाही, बापाचा मोठा भाऊ दोड्डप्पा आणि धाकटा चिक्कप्पा. लिहिणाऱ्यानं न विचारता दोड्डप्पा लिहिलं. जप्ती झाली चिक्कप्पाच्या घरातनं. आता पोलिसांपुढच्या कबुलीतला कोर्टात चालणारा भाग म्हणजे फक्त तो, ज्याच्यामुळं वस्तू सापडली, जुन्या एव्हिडन्स ॲक्टचं कलम २७, आता नव्या पुरावा कायद्यात, बीएसएमध्ये २३ च्या पोटात आहे. तिथं आरोपीचे शब्द आणि सापडलेली जागा जुळली पाहिजे. इथं कागदावर सांगितलं थोरल्या चुलत्याचं घर आणि माल निघाला धाकट्याच्यात. वकिलाला अजून काय पाहिजे! साहेब म्हणाले पोरगं खरं बोललं होतं, शोधणाऱ्यांनी पण बरोबर शोधलं, आणि मधल्या एका शब्दानं सगळी रिकव्हरी पाण्यात.

हॉलमध्ये एकदम शांत झालं. आम्ही सगळे रोज हेच करतो ना. खानापूर, नंदगड, येळ्ळूर, उचगाव, निम्मे साक्षीदार मराठी, लिहिणारा मनातल्या मनात भाषांतर करतो आणि वाचून दाखवतो ते कन्नडात, समोरची म्हातारी मान हलवते कारण पोलिसासमोर मान हलवायचीच असते. "परवा" म्हणाली तर नेमकं कोणता दिवस, "सांजचं" म्हणजे किती वाजता, कुणी विचारत नाही. साहेबांचा तोडगा साधा: सांगणाऱ्याचा महत्त्वाचा शब्द त्याच्याच भाषेत तसाच कागदात उतरवा, पुढं कन्नड अर्थ लिहा, आणि जमेल तिथं जबाबाचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करा, १८० मध्ये त्याला परवानगी आहेच. आणि सुपरवायझरनं आठवड्यातनं निदान एक जबाब स्वतः साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा. माझे साडेसहा हजार इथंच वसूल झाले, बाकीचं बोनस.

हद्दीचं अजून एक. कर्नाटक हे एक टेलिकॉम सर्कल आणि महाराष्ट्र-गोवा दुसरं. शिनोळी-चंदगडच्या बाजूला किंवा कोगनोळी नाक्याच्या आसपास गुन्हा झाला आणि टॉवर डंप (टॉवरवर त्या वेळी आलेल्या सगळ्या फोनची यादी) एकाच सर्कलचा मागवला तर पलीकडचे टॉवर हातातून जातात, फोन तर बापडा जिकडं रेंज तिकडं वळतो. सॉफ्टवेअरवाल्या पोरानं दोन तासात हे एकदा पण सांगितलं नाही.

परदेशातलं पण एक उदाहरण झालं, आणि आधी मी म्हटलं आता इंग्लंड कशाला मध्ये, पण पटलं. यॉर्कशायरमधला खुनी पीटर सटक्लिफ, १९७५ ते १९८० मध्ये १३ बायकांचे खून. पोलिसांनी त्याला पकडायच्या आधी नऊ वेळा विचारपूस करून सोडलं होतं, कारण माहितीची कार्डं ढिगानं पडलेली आणि एक कार्ड दुसऱ्याला जुळत नव्हतं. त्यात १९७९ मध्ये एक टेप आली, मीच खुनी म्हणणारा माणूस, सुंदरलंडकडच्या बोलीत. तपासाच्या प्रमुखाला ती खरी वाटली आणि मग ज्याची बोली तशी नाही तो संशयितच नाही असं होऊन बसलं. टेप खोटी होती. टेप करणारा पुढं डीएनएवरून सापडला, २००६ मध्ये शिक्षा झाली. आणि सटक्लिफ सापडला १९८१ च्या जानेवारीत शेफील्डला, गाडीची नंबर प्लेट खोटी निघाली म्हणून, गस्तीवरच्या दोघा पोलिसांना! साहेबांचं म्हणणं की मोठ्या साहेबाला एकदा एक गोष्ट पटली की खालचे सगळे तेच शोधत बसतात, वेगळं बोलायची कुणाची छाती होत नाही. तिकडं आता मोठ्या तपासाचा प्रमुख निर्णयांची वेगळी वही ठेवतो, काय ठरवलं आणि का ठरवलं. आपल्या सीडीत, म्हणजे केस डायरीत, काय केलं ते असतं, का केलं ते कधीच नसतं, आणि का केलं नाही ते तर विचारूच नका. आमच्याकडं म्हणजे साहेबाला पटलेला संशयित म्हणजे गुन्ह्याच्या गावात आधीच बदनाम असलेला माणूस, दुसरं काय.

(चहाच्या वेळी कुणीतरी स्टॅम्प पेपर घोटाळ्यातल्या तेलगीचा विषय काढला, खानापूरचा माणूस ना तो, मग काय अर्धा तास. २००१ ला अजमेरला धरला, पुढं केस सीबीआयकडं गेली, २०१७ ला तो वारला. त्या प्रकरणात तपास करणारेच काही अधिकारी आरोपी झाले हे आम्हा लोकांनी विसरू नये असं एक जण म्हणाला आणि मग सगळ्यांनी चहा पटापट संपवला.)

उलटतपासणीचा रविवार भारी होता पण खाली लग्न होतं. वर वकीलसाहेब मला पिंजऱ्यात उभं करून विचारतायत आणि खाली बँडवाला जोरात. झडतीचं रेकॉर्डिंग आता कलम १०५ नं बंधनकारक, ई-साक्ष्य ॲप आहे त्यासाठी, ते मी केलेलं. वकील म्हणाले, "आठ मिनिटं चाळीस सेकंदाला व्हिडिओ बंद झाला, परत सुरू झाला अकरा मिनिटांनी. मध्ये काय झालं?" मी म्हटलं चार्जिंग संपलं. "डायरीत लिहिलंय?" नाही. "महजरात?" नाही. "म्हणजे त्या अकरा मिनिटांत तुम्ही गांजा ठेवला असं मी म्हटलं तर?" मी गप्प. खाली मंगलाष्टका सुरू. मग त्यांनी इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणाऱ्या सर्टिफिकेटचं समजावलं, जुन्या ६५-ब चं आता बीएसए ६३, त्यात हॅश व्हॅल्यू (फाईल बदलली नाही हे दाखवणारा आकडा) लिहायची, दोन भाग, एक उपकरण ताब्यात असणाऱ्यानं भरायचा, एक तज्ज्ञानं. जालन्याच्या निवडणुकीचा खोतकर-गोरंट्याल खटला सांगितला, उमेदवारी अर्ज वेळेत आला का नाही यावरचं सीसीटीव्ही, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सर्टिफिकेट पाहिजेच. राजकारण म्हणून तो खटला आम्हाला तोंडपाठ होता, पुराव्याचा कायदा म्हणून पहिल्यांदा कळला.

आणि सगळ्यात आवडलं ते अर्ध्या तासाचं, कार्यक्रमपत्रिकेत नसलेलं. एका रिटायर्ड स्टेशन रायटरला (ठाण्यातलं लिखाण सांभाळणाऱ्याला) बोलावलं होतं, साधे हेडकॉन्स्टेबल म्हणून रिटायर झालेले, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. त्यांनी सांगितलं, "साहेब लोक सही करताना पान उलटत नाहीत, अंगठ्यानं खालचा कोपरा तेवढा उचलतात. मी एकदा सीडीत मध्येच एक कोरं पान घातलं, बघूया म्हटलं कोण धरतंय. ते पान डीवायएसपी साहेबांची सही होऊन खाली आलं." हसून हसून पुरेवाट, पण हसणारे सगळे सही करणारेच होते. त्यांनीच पुढं सांगितलं की वयानं मोठ्या हेडकॉन्स्टेबलची चूक फिर्यादीसमोर काढू नका, तो पुढच्या वेळी चूक दुरुस्त करत नाही, लपवतो. आत बोलवा, बसवा, "अण्णा, हे कसं झालं" एवढं विचारा. देखरेखीवर एवढं कामाचं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या माणसाला मानधन काय दिलं असेल देव जाणे.

पाचात साडेतीन देतो. नोट्स बदलल्या, तो जाहिरातवाला काढला आणि महिलांच्या केसेसचा तास एखाद्या अनुभवी मॅडमना दिला तर साडेचार. सर्टिफिकेट देतात पण सर्व्हिस बुकात त्याचा काही उपयोग नाही, त्या आशेनं जाऊ नका. नवीन पीएसआय लोकांनी पहिल्या वर्षात जावं, नंतर सवयी पक्क्या होतात.

क्लास संपल्यावरच्या सोमवारी एक आज्जी आली, बाजारात गळ्यातली बोरमाळ गेली म्हणून. आमच्या हेडकॉन्स्टेबलनं फटाफट लिहिलं, सहीला माझ्याकडं आणलं. मी म्हटलं अण्णा बसा, आणि आज्जीला मराठीत वाचून दाखवायला लागलो. तिसऱ्या ओळीला तिनं हात वर केला. "मी सांगालेय एक आन तू लिवालायस एक! माळ तोडली त्यो पोरगा न्हवं, त्यो नुसता आडवा आला, तोडली ती मागच्या बाईनं." कागदात बाई कुठंच नव्हती.

हेडकॉन्स्टेबल माझ्याकडं बघत राहिला. आज्जी गेल्यावर म्हणाला, सर, त्या क्लासला हेडकॉन्स्टेबलना घेतात काय? मी म्हटलं घेतात की. फी किती म्हणाला. सांगितली. मग काही बोलला नाही, फाईल उचलली आणि नवीन कागद घालायला गेला.